नर्स कोण घडवतो? जर्मनीतल्या शाळा आणि हॉस्पिटलांची भागीदारी



गेली दोन-तीन वर्षे मला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो. कधी सिनेगॉगमधून बाहेर पडताना, कधी कुणाकडे मलिदा असतो तेव्हा, तर कधी मुंबई-ठाण्याहून आलेल्या फोनवर. "जर्मनीला नर्सेस पाहिजेत म्हणे. शेजारची मुलगी बारावी झाली आहे, हुशार आहे. तिने जावं का?" मी आयुष्यभर नर्स होते, म्हणून लोकांना वाटते हिला सगळे ठाऊक असणार. एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

जर्मनीला नर्सेस हव्या आहेत हे अगदी खरे. पण त्या देशाने नर्स तयार करण्याची जी पद्धत बसवली आहे ती समजून घेतल्याशिवाय कुणी बॅग भरू नये. या पद्धतीचे मूळ सूत्र असे की शाळा आणि काम देणारे हॉस्पिटल या दोघांनी मिळून नर्स घडवायची. शिकवणे दोघांचे, जबाबदारीही दोघांची. हे सूत्र जिथे पाळले जाते तिथे माणसे टिकतात. जिथे फक्त कागदावर असते तिथे शिकणारी मुलगी मधल्यामध्ये अडकते.

कमतरता किती मोठी आहे

जर्मनीत म्हातारी माणसे झपाट्याने वाढत आहेत. आपल्याकडे बितुआख लेउमीतर्फे १९८८ पासून वृद्धांना घरी मदतनीस मिळते, तसा जर्मनीने १९९५ मध्ये शुश्रूषेचा विमा सुरू केला. पगारातून दरमहा थोडे पैसे कापले जातात आणि पुढे माणूस परावलंबी झाला की त्यातून मदत मिळते. २०२३ च्या अखेरीस या विम्याच्या व्याख्येत बसणारी, म्हणजे रोजच्या कामांना दुसऱ्याचा हात लागणारी माणसे सुमारे ५७ लाख होती. त्यांतली ८६ टक्के आपापल्या घरीच राहत होती. बाकीची वृद्धांच्या निवासात, म्हणजे आपल्या बेत आवोतसारख्या ठिकाणी.

त्यांची काळजी घेणारे हात मात्र तेवढ्या वेगाने वाढत नाहीत. जर्मनीच्या सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी २०२४ मध्ये एक अंदाज मांडला. २०१९ मध्ये या क्षेत्रात सुमारे १६ लाख २० हजार लोक काम करत होते. २०४९ साली साडेएकवीस लाख लागतील. आणि परिस्थिती कशी वळेल त्यावर २ लाख ८० हजार ते ६ लाख ९० हजार माणसे कमी पडतील. आज कामावर असलेल्या नर्सेसपैकी पुष्कळजणी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत निवृत्त होणार आहेत. तरुण पिढी लहान आहे आणि तिला इतर शंभर धंदे बोलावत आहेत. २०२४ मध्ये तिथल्या रोजगार खात्याने सांगितले की २०२२ पासून नर्सिंगमध्ये जी काही वाढ झाली ती सर्वस्वी परदेशातून आलेल्या लोकांमुळे झाली.

जुनी वाट

शाळा आणि हॉस्पिटल एकत्र, ही कल्पना जर्मनीला नवीन नाही. ऱ्हाईन नदीकाठी कायझर्सवेर्थ नावाचे गाव आहे, आज ते ड्युसेलडॉर्फ शहरात आले आहे. तिथे १८३६ मध्ये थिओडोर फ्लीडनर या पाद्र्याने आणि त्याच्या पत्नीने एक लहान हॉस्पिटल आणि त्याला जोडून शुश्रूषा शिकवणारी संस्था काढली. मुली तिथेच राहत, तिथेच शिकत, तिथेच रुग्ण सांभाळत. १८५१ मध्ये फ्लॉरेन्स नाईटिंगेल तिथे काही महिने राहून शिकली. पुढे तिने लंडनला जी शाळा काढली तिची वाट मुंबईच्या हॉस्पिटलांपर्यंत आली. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या सिस्टर्स ज्या शिस्तीत तयार झाल्या तिचा एक धागा जर्मनीतला आहे.

ज्यू समाजानेही हेच केले. फ्रँकफुर्टमध्ये १८९३ साली ज्यू नर्सेसची एक संस्था स्थापन झाली. त्या काळात चांगल्या घरातल्या मुलींनी परक्या माणसांचे अंग पुसणे समाजाला रुचत नव्हते. संस्थेने मुलींना विनाशुल्क शिक्षण दिले, राहण्या-जेवणाची सोय केली आणि म्हातारपणाची तरतूद केली. शिकून तयार झालेल्या नर्सेस संस्था निरनिराळ्या हॉस्पिटलांना देत असे. आज ज्याला भागीदारी म्हणतात ते हेच. पुढे नाझी राजवटीत सगळे संपले. १९४२ मध्ये फ्रँकफुर्टच्या ज्यू हॉस्पिटलातले रुग्ण आणि त्यांना सांभाळणाऱ्या नर्सेस थेरेझिनश्टाटला नेल्या गेल्या. ज्या देशाला आज नर्सेस मिळत नाहीत त्याने एकेकाळी आपल्याच उत्तम नर्सेस अशा गमावल्या, हे आपण तरी विसरू नये.

त्या परंपरेची एक बाई मात्र जेरुसलेममध्ये पोहोचली होती. सेल्मा मायर, १८८४ मध्ये हानोव्हरला जन्मलेली, हाम्बुर्गच्या ज्यू हॉस्पिटलात तयार झालेली. १९१३ मध्ये तिला जर्मन सरकारचे नर्सिंगचे प्रमाणपत्र मिळाले. १९१६ च्या अखेरीस, पहिले महायुद्ध चालू असताना, ती शआरे त्सेदेक हॉस्पिटलात डॉक्टर वालाख यांच्या हाताखाली आली. तीन वर्षांसाठी म्हणून आली आणि कायमची राहिली. १९३४ मध्ये तिने तिथे नर्सिंग स्कूल सुरू केले. १९८४ मध्ये शंभर वर्षांची होऊन ती वारली. जेरुसलेमच्या जुन्या लोकांना "श्वेस्टर सेल्मा" हे नाव अजून आठवते.

या जुन्या पद्धतीत गुण होते तसा एक दोषही होता. शिकणारी मुलगी ही स्वस्तातला हात ठरत असे. वॉर्डात माणूस कमी पडला की प्रोबेशनरला उभी करायची, बेडपॅन, स्पंजिंग, बेड मेकिंग तिच्याकडून करून घ्यायचे आणि लेक्चर राहिले तर राहिले. भारतात काय, इथे काय, ज्या बाया नर्सिंग शिकल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. म्हणून नव्या पद्धतीकडे बघताना आधी हे तपासायचे की हा दोष गेला का.

आजची पद्धत कशी चालते

जर्मनीत पूर्वी तीन वेगवेगळी शिक्षणे होती. मोठ्यांची नर्स, मुलांची नर्स आणि वृद्धांची शुश्रूषा करणारी. वृद्धांच्या शुश्रूषेसाठी तर काही राज्यांत मुलींना शाळेची फी भरावी लागे, म्हणजे ज्या कामाला माणूस मिळत नाही ते शिकायलाच पैसे मोजा! २०१७ मध्ये नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. तिन्ही शिक्षणे एक झाली आणि फी बंद झाली.

आता पद्धत अशी आहे. मुलगी किंवा मुलगा आधी काम देणाऱ्याशी करार करतो. हा काम देणारा म्हणजे हॉस्पिटल, वृद्धांचे निवास किंवा घरोघरी जाऊन शुश्रूषा करणारी सेवा. स्वतःची शाळा नसेल तर काम देणाऱ्याला एखाद्या नर्सिंग शाळेशी लेखी सहकार्य करार करावा लागतो. तीन वर्षांत शाळेत किमान २,१०० तास आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी २,५०० तास पुरे करायचे. शेवटी सरकारी परीक्षा.

हे २,५०० तासही एकाच वॉर्डात काढून चालत नाहीत. हॉस्पिटलात ४०० तास, वृद्धांच्या निवासात ४०० तास, घरपोच सेवेत ४०० तास, शिवाय लहान मुले आणि मानसिक आजार यांचाही अनुभव घ्यावा लागतो. आता तीस-चाळीस खाटांच्या वृद्धाश्रमात लहान मुलांचा वॉर्ड कुठून येणार? म्हणून त्या वृद्धाश्रमाला जवळच्या हॉस्पिटलाशी, त्या हॉस्पिटलाला घरपोच सेवेशी हातमिळवणी करावीच लागते. कुठे पाच-दहा संस्थांनी मिळून गट केले आहेत. बर्लिनमध्ये तर शारिटे हे विद्यापीठाचे हॉस्पिटल आणि विवांटेस ही शहराची हॉस्पिटले, एरवी एकमेकांच्या नर्सेस पळवणारे दोघे शेजारी, त्यांनी मिळून एकच मोठी शाळा चालवायला घेतली.

शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. सरकारी हॉस्पिटलांच्या करारानुसार २०२४ मध्ये पहिल्या वर्षाला महिन्याला सुमारे १,३४० युरो होते, तिसऱ्या वर्षाला सुमारे १,५०० युरो. त्यातून विमा वगैरे कापून जातो, घरभाडे द्यायचे असते, त्यामुळे चैन होत नाही. पण कर्ज काढून शिकावे लागत नाही.

मग हा खर्च सोसतो कोण? मला सगळ्यात पटलेली गोष्ट इथे आहे. प्रत्येक राज्यात एक सामायिक फंड आहे. त्यात सुमारे ५७ टक्के पैसे हॉस्पिटलांकडून येतात, ३० टक्के वृद्धांची निवासे आणि घरपोच सेवा यांच्याकडून, ९ टक्के राज्य सरकारकडून आणि उरलेले शुश्रूषा विम्यातून. गंमत अशी की जे हॉस्पिटल कुणालाही शिकवत नाही त्यालाही या फंडात पैसे भरावे लागतात. शिकवणाऱ्याला फंडातून खर्च परत मिळतो. म्हणजे "दुसऱ्याने शिकवावे आणि आम्ही तयार नर्स उचलावी" ही सवय महाग पडते. याला एक काळी बाजूही आहे. वृद्धांची निवासे आपला वाटा रहिवाशांच्या बिलात लावतात, त्यामुळे पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांच्या खिशातून नव्या नर्सचे शिक्षण होते. तिथे यावर तक्रारी होतात आणि त्या रास्त आहेत.

शेजारी उभी राहणारी सिस्टर

आता त्या जुन्या दोषाकडे येऊ. कायद्याने सांगितले आहे की कामाच्या तासांपैकी किमान १० टक्के तास शिकणाऱ्याच्या शेजारी खास तयार झालेली नर्स उभी राहून शिकवेल. अशा नर्सला स्वतःच्या शिक्षणावर ३०० तासांचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि पुढे दरवर्षी २४ तास. ती शाळेतली ट्यूटर नव्हे, वॉर्डातलीच सिस्टर. शाळा जे फळ्यावर सांगते ते हातांना शिकवण्याचे काम तिचे.

दहा टक्के म्हणजे २,५०० तासांत २५० तास. ऐकायला थोडे वाटते. पण ज्यांनी वॉर्ड चालवला आहे त्यांना विचारा. सकाळच्या पाळीत दोन सिस्टर्स आजारी, तीन ॲडमिशन, ऑपरेशनहून आलेला एक पेशंट, आणि अशा वेळी एखादी सिस्टर बाजूला काढून "तू फक्त हिला शिकव" म्हणणे किती जड जाते! म्हणून कायदा काहीही म्हणो, खरी परीक्षा ड्यूटीच्या तक्त्यावर होते. चांगल्या हॉस्पिटलात शिकवणाऱ्या सिस्टरचे ते तास तक्त्यात वेगळे लिहिलेले असतात आणि त्या दिवशी तिला पेशंट वाटून दिलेले नसतात. वाईट ठिकाणी ते तास कागदावरच भरले जातात. शिक्षण अर्धवट सोडून जाणाऱ्या मुला-मुलींची काळजी जर्मनीत सतत व्यक्त होते, त्यामागे हे एक कारण आहे.

२०२३ मध्ये जर्मनीत सुमारे ५४,४०० जणांनी हे शिक्षण सुरू केले, त्याआधीच्या वर्षी ५२,१०० जणांनी. आकडा वाढतो आहे. पण शाळेत किती आल्या यापेक्षा तीन वर्षांनी किती बाहेर पडल्या आणि पाच वर्षांनी किती वॉर्डात उरल्या, हे मोजायला हवे.

कोरिया, केरळ आणि आता महाराष्ट्र

परदेशातून नर्सेस आणण्याचा जर्मनीचा अनुभवही जुना आहे. १९६६ पासून दहा वर्षांत दक्षिण कोरियातून सुमारे १०,००० नर्सेस आणि मदतनीस पश्चिम जर्मनीत आल्या. त्याच सुमारास केरळमधल्या काही हजार तरुण मुली कॅथलिक चर्चच्या ओळखीने तिथल्या हॉस्पिटलांत शिकायला आणि काम करायला गेल्या. त्यांनी घरी पैसे पाठवले, भावंडांची शिक्षणे केली, बहिणींची लग्ने लावून दिली. पुढे १९७० च्या दशकात मंदी आली तेव्हा जर्मनीला वाटले, आता यांची गरज नाही. कोरियन नर्सेसनी १९७७-७८ मध्ये सह्या गोळा केल्या, "आम्ही काही माल नव्हे" अशा अर्थाची ठाम भूमिका घेतली आणि राहण्याचा हक्क मिळवला. केरळच्या काही मुलींना परतावे लागले. ज्या राहिल्या त्यांच्यापैकी अनेकींच्या नवऱ्यांना सुरुवातीची काही वर्षे कामाची परवानगी नव्हती. शिकलेला माणूस घरी बसून मुले सांभाळत असे आणि बायको नाईट ड्यूटी करत असे.

या अनुभवातून जर्मनी काही शिकली. २०१३ मध्ये तिथल्या रोजगार खात्याने आणि विकास संस्थेने "ट्रिपल विन" नावाचा कार्यक्रम सुरू केला. नाव असे की तिघांचा फायदा व्हावा, नर्सचा, तिच्या देशाचा आणि जर्मनीचा. त्यात फिलिपाईन्स, ट्युनिशिया असे देश आले. डिसेंबर २०२१ मध्ये केरळ सरकारच्या नोर्का रूट्स या संस्थेशी करार झाला. यात नर्सकडून दलाली घेतली जात नाही. जर्मन भाषेचे वर्ग भारतातच होतात, मुलाखत काम देणारे हॉस्पिटल घेते आणि खर्च तेच उचलते. पुढे बारावी झालेल्या मुलांनी तिथे जाऊन शिकावे असाही मार्ग केरळने काढला.

डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराचा करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत वाढवण्याचे जाहीर केले. आणि आपल्या महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला. १०,००० तरुणांना तिकडे कामासाठी पाठवण्याची कल्पना त्यात होती. नर्सेस, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर अशी यादी होती. हे राज्य आपल्याला अगदीच अपरिचित नाही. त्याची राजधानी श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत आणि २०१५ पासून दोन्ही राज्यांचेही तसे नाते आहे. मला फोन येऊ लागले ते या करारानंतर.

पण सरकारांचा करार म्हणजे नोकरीचे पत्र नव्हे. तो फक्त दार दाखवतो. आत कोण उभे आहे, ते शिकवणार की नुसते राबवणार, हे प्रत्येक हॉस्पिटलागणिक वेगळे असते.

भाषेची परीक्षा

मी मुंबईत मराठी शाळेत शिकले आणि नर्सिंग मात्र इथे येऊन हिब्रूत शिकले. त्यामुळे भाषेबद्दल मी अधिकाराने बोलू शकते. उल्पानमध्ये बाजारहाट आणि बसचे हिब्रू येते. वॉर्डातले हिब्रू वेगळेच. मराठीत पेशंट म्हणतो दुखतंय, ठणकतंय, सलतंय, चुरचुरतंय, ठसठसतंय, कळ येतेय. प्रत्येक शब्दाने सिस्टरला वेगळे काही कळते. हिब्रूत मला "कोएव" ठाऊक होते, म्हणजे दुखते. पण छातीवर हात ठेवून म्हातारा "लोखेत्स" म्हणाला तर दाबल्यासारखे होते आहे, "सोरेफ" म्हणाला तर जळजळते आहे, आणि या दोन शब्दांमधला फरक म्हणजे कधी कधी जीवन-मरणाचा फरक, हे मला एका वयस्क रुमानियन सिस्टरने पेशंटच्या खाटेशी उभे करून शिकवले. पुस्तकात ते नव्हते.

जर्मनीत नेमके हेच लागते. तिथे नर्स म्हणून मान्यता मिळायला भाषेची बी-२ पातळी साधारणपणे लागते, म्हणजे डॉक्टरांशी, पेशंटशी आणि नातेवाइकांशी अडखळत का होईना पण सगळे बोलता येणे आणि रिपोर्ट लिहिता येणे. भारतातून बहुतेक जणी बी-१ करून जातात आणि उरलेले तिथे करतात. नोकरी सांभाळून भाषेचा अभ्यास, हा त्या पहिल्या वर्षातला सगळ्यात कठीण भाग. काम देणारा जर भाषेच्या वर्गाचे तास ड्यूटीत धरत असेल तर मुलगी तरून जाते. दिवसभर काम करून संध्याकाळी आपल्या पैशाने क्लासला जा, असे असेल तर दमून जाते.

काम तिथले आणि काम आपल्याकडचे

दोन मार्ग आहेत हे लक्षात ठेवा. एक, बारावी होऊन तिथे तीन वर्षे शिकायला जाणे. दुसरा, भारतात जीएनएम किंवा बीएससी नर्सिंग करून तयार नर्स म्हणून जाणे. दुसऱ्या मार्गात तिथले राज्य आपली कागदपत्रे तपासते आणि काय कमी आहे ते लेखी कळवते. ते भरून काढायला काही महिने हॉस्पिटलात शिकत काम करावे लागते किंवा परीक्षा द्यावी लागते. तोवर मदतनीस म्हणून काम आणि पगारही मदतनिसाचा. मार्च २०२४ पासून अशीही सोय झाली आहे की काम देणाऱ्याशी करार करून ही मान्यतेची खटपट जर्मनीत गेल्यावर सुरू करता येते. पण त्यातही काम देणाऱ्याची साथ हीच मुख्य अट.

भारतातून गेलेल्या पदवीधर नर्सला पहिला धक्का कामाचा बसतो. आपल्याकडे पेशंटला जेवू घालणे, अंघोळ, कपडे बदलणे हे बहुतेक नातेवाईक, आया आणि वॉर्डबॉय करतात. सिस्टर इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग बघते. जर्मनीत नातेवाईक भेटीच्या वेळी येतात आणि जातात. पेशंटला धुणे, भरवणे, कुशीवर वळवणे हेही नर्सचेच काम मानले जाते. "एवढं शिकून मी इथे अंग पुसायला आले का?" असे अनेकींना वाटते. माझे मत विचाराल तर अंग पुसताना बेडसोर सर्वांत आधी दिसतो, आणि घास भरवताना पेशंटला गिळता येते का ते कळते. ते हलके काम नाही. २०२० च्या कायद्याने पेशंटला कोणती शुश्रूषा लागेल हे ठरवण्याचा आणि तिची आखणी करण्याचा अधिकार फक्त शिकलेल्या नर्सलाच दिला आहे, ही मानाची बाजूही आहे. पण हे सगळे मुलीला निघण्यापूर्वी सांगितले पाहिजे. न सांगता नेणे ही फसवणूक आहे.

सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

ज्यांच्या घरातली किंवा ओळखीतली मुले जाऊ बघत आहेत त्यांनी हे प्रश्न कागदावर लिहून घ्यावेत आणि लेखी उत्तर मागावे.

१. खर्च कोणाचा? जर्मनीत परदेशी नर्सेस आणणाऱ्यांसाठी २०२२ पासून सरकारी मान्यतेचे एक चिन्ह दिले जाते, प्रामाणिक भरतीचे. त्याचा पहिला नियम असा की खर्च काम देणाऱ्याने करायचा, नर्सने नाही. लाख-दोन लाख मागणारा एजंट दिसला की तिथूनच मागे फिरा.

२. मध्येच सोडले तर काय? काही करारांत लिहिलेले असते की इतक्या वर्षांच्या आत नोकरी सोडली तर इतके हजार युरो परत करा. ही रक्कम वाचल्याशिवाय सही नको.

३. शाळा कोणती? शिकायला जात असाल तर हॉस्पिटलाचा कोणत्या शाळेशी करार आहे, त्या शाळेचे नाव, गाव आणि कामाच्या जागेपासूनचे अंतर विचारा.

४. वॉर्डात शिकवणाऱ्या सिस्टर्स किती आहेत आणि त्यांचे तास तक्त्यात वेगळे धरले जातात का?

५. बी-२ चा क्लास ड्यूटीत की ड्यूटीनंतर? परीक्षेची फी कोण भरणार?

६. मान्यता मिळेपर्यंत पगार किती, मिळाल्यावर किती, आणि तिथे जन्मलेल्या नर्सला त्याच कामाचा तेवढाच मिळतो का?

७. राहायची सोय कुठे? पहिले तीन महिने तरी डोक्यावर छप्पर आणि सरकारी कचेऱ्यांत सोबत येणारे माणूस हवे.

ही उत्तरे हसतमुखाने लेखी देणारा मालक बहुधा चांगला निघतो. "ते तिथे गेल्यावर बघू" म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहावे.

जे भागीदारीनेही सुटत नाही

एवढे सगळे असूनही माणसे का कमी पडतात? २०२२ मध्ये जर्मनीत एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. नर्सिंग सोडून गेलेल्या आणि अर्धवेळ काम करणाऱ्या १२,७०० जणांना विचारले, परत याल का, तास वाढवाल का? परिस्थिती सुधारली तर येऊ, असे म्हणणारे इतके निघाले की पूर्ण वेळेच्या हिशेबाने किमान ३ लाख नर्सेस एवढे बळ मिळू शकेल. त्यांना काय हवे होते? पुरेशी माणसे, पाळीचा तक्ता ऐनवेळी न बदलणे, वरिष्ठांनी नीट वागवणे, आणि पेशंटला वेळ देता येणे. पगारही हवा होता, पण तो एकटा नव्हे.

२०२१ च्या शरद ऋतूत बर्लिनमध्ये शारिटे आणि विवांटेसच्या नर्सेस महिनाभर संपावर होत्या. मागणी मुख्यतः पगाराची नव्हती, एका पाळीत किती पेशंटमागे किती नर्सेस याची होती. शेवटी असे ठरले की माणसे कमी असताना ज्या पाळ्या कराव्या लागतील त्यांच्या बदल्यात नर्सला सुट्टी जमा होईल. दोन्ही हॉस्पिटले मिळून शाळा चालवतात हे चांगलेच, पण शिकून बाहेर पडलेली मुलगी टिकेल की जाईल हे अशा करारावर ठरते.

दुसरी बाजू आपल्या मायदेशाची. केरळची किंवा महाराष्ट्राची नर्स गेली की तिथल्या वॉर्डात एक खुर्ची रिकामी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये नियमावली केली, तिचा आशय असा की ज्या देशांत आरोग्यसेवकांचा फार तुटवडा आहे तिथून ओढून नेऊ नये. भारत त्या संरक्षित देशांच्या यादीत नाही. तरी आपल्या जिल्हा हॉस्पिटलात एका नाईट सिस्टरकडे किती खाटा असतात हे ज्याने पाहिले त्याला हा प्रश्न टोचतो. आपण इस्राएलात राहूनही यातून सुटलेलो नाही. २०२३ मध्ये भारत आणि इस्राएल यांच्यात कामगारांचा करार झाला, त्यात घरी शुश्रूषा करणाऱ्यांचाही समावेश होता. आपल्यातल्या किती आजी-आजोबांचा आधार आज भारतातून आलेली मेटापेलेत आहे, ते आपण जाणतो. तिच्या घरी तिची आई कोण सांभाळत असेल, हा विचार मनात येतोच.

म्हणून मला वाटते, जर्मनीने खरी भागीदारी करायची असेल तर नर्सेस नेण्याबरोबर इथल्या नर्सिंग शाळांतही गुंतवणूक करावी. शिक्षिका द्याव्यात, वॉर्डात शिकवणाऱ्या सिस्टर्स तयार करायला मदत करावी. ज्या झाडाची फळे न्यायची त्याला पाणी घालावे.

तर मुलीने जावे का? भाषा शिकण्याची जिद्द असेल, म्हाताऱ्या माणसांची किळस नसेल आणि वरच्या सात प्रश्नांची उत्तरे हातात असतील, तर जरूर जावे. तीन वर्षांनी तिच्या हातात असा हुन्नर असेल जो जगात कुठेही उपाशी ठेवत नाही. आणि ज्या हॉस्पिटलात पहिल्या दिवशी एक वयस्क सिस्टर तिच्याजवळ येऊन "चल, आज माझ्याबरोबर राहा" असे म्हणेल, ते हॉस्पिटल तिने सोडू नये. निघण्याआधी कुणाला करारातले काही कळत नसेल तर कागद घेऊन माझ्याकडे यावे. चष्मा लावून, जर्मन डिक्शनरी शेजारी ठेवून, मी आनंदाने वाचून देईन.